ऊस गेला, आता आपल्या माणसांकडे चला



गळीत हंगाम संपला की ऊस विकास विभागाचे लेख ठरलेले असतात. खोडव्याची निगा, पाचट न जाळण्याचे फायदे, माती परीक्षण, बेणेमळा. ते सगळे पुढच्या अंकांतून येईलच. या वेळी मात्र विषय जरा वेगळा घेतला आहे. आमचे शेतावर येणे-जाणे असते, बांधावर बसून चार गोष्टी निघतात. त्यांतून जे वारंवार कानावर येते ते एकदा लिहून काढावे असे वाटले. विषय असा, की आपण ऊसवाले आपल्या माणसांना भेटायला कधी जातो? आणि जातो तेव्हा घरातले कोण कोण जाते?

प्रत्येकाने आपल्या घरापुरता हिशोब मांडून पाहावा. गेल्या वर्षभरात घरचा कर्ता पुरुष पुण्याला किती वेळा गेला? बँक, मार्केट यार्ड, कोर्टाची तारीख, डिसेंबरात मोशीचे किसान प्रदर्शन, झालंच तर मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटची अभ्यास सहल. बोटे पुरणार नाहीत. आता घरची लक्ष्मी किती वेळा गेली ते मोजा. दवाखाना, लग्न आणि दहावा, या तीन कामांखेरीज ती पुण्याला गेलेली सापडणे कठीण. आणि घरातली म्हातारी? तिची तर मोजदादच नाही.

सत्तरी ओलांडलेल्या एका आजींची लेक कोथरूडला राहते. लेकीने फ्लॅट घेऊन तीन वर्षे झाली. आजींनी तो अजून पाहिलेला नाही. आपल्या तालुक्यातून कोथरूड ते किती लांब? का गेला नाहीत असे विचारले, तर म्हणाल्या, "जायाचं हाय वो साहेब. पर म्हशींच्या धारा कुणी काढायच्या? आन् लेकीच्या दारात मोकळं जाऊन बसायचं तरी कसं?" या दोन प्रश्नांची उत्तरे शोधावीत, म्हणून हा लेख.

पूर्वीच्या भेटीगाठी

आपल्या वाडवडिलांनी भेटीची सोय रीतीभातीतच करून ठेवली होती. नागपंचमी आली की भाऊ मुराळी होऊन बहिणीला आणायला जायचा. गौरीला, भाऊबीजेला पुन्हा येणे-जाणे. चैत्रात गावची जत्रा, तिला झाडून सगळे पाव्हणे. शेतीची कामे थोडी निवली, की त्या खिंडीत सण बसवलेला असे. भेट आठवणीवर सोडलेली नव्हती, पंचांगात बांधलेली होती.

आपल्या मुळशीला तर ताटातूट जुनीच. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या पुढारीपणाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला. धरण काही थांबले नाही. खोऱ्यातली गावे पाण्याखाली गेली आणि एका भावकीची माणसे चार दिशांना पांगली. पोटासाठी मुंबई गाठलेल्यांची संख्याही मोठी. कोणी गिरणीत लागले, कोणी गोदीत, कोणी डबे पोचवू लागले. मुंबईच्या डबेवाल्यांचा धंदा १८९० पासूनचा, आणि त्यात मुळशी, मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या आपल्याच पट्ट्यातली माणसे जास्त. आजही चैत्रात जत्रेसाठी डबेवाले पाच-सहा दिवस डबे बंद ठेवून गावी येतात. साहेबलोकांना जेवणाची दुसरी सोय बघावी लागते, पण गावदेवाची आणि घरच्यांची भेट चुकत नाही.

मुंबईला माणूस असला की सुट्टीत बायको-पोरे त्याच्याकडे जायची. दहा बाय बाराची खोली, त्यात आधीच सहाजण. तरी जायची. आणि गेल्यावर एक ठिकाण ठरलेले, भायखळ्याची राणीबाग. आज तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे, पण तोंडी नाव राणीबागच. ही बाग १८६२ साली लोकांना खुली झाली. तिथे वस्तुसंग्रहालयाजवळ घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती आहे. काळा घोडा चौकातला घोडाही १९६५ साली तिथूनच उचलून या बागेत आणला. झाडे तर अशी, की शेती शिकलेल्या माणसानेही मान वर करून बघत राहावे. उर्वशी आहे, कैलासपती आहे, पोटाचा घेर वाढलेली गोरखचिंच आहे. २०१६ साली दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले आणि मार्च २०१७ पासून ते लोकांना दाखवू लागले. पण जुन्या माणसांना विचारा, त्यांना हत्तीपेक्षा दुसरेच आठवते. बापाने हात धरून फिरवले ते, आणि झाडाखाली फडक्यावर बसून खाल्लेली चटणी-भाकरी ते. आठवड्याचे सहा दिवस डबे वाहणाऱ्या बापाचा तो एक दिवस पोरांचा होता.

सांगायचे एवढेच, की त्या लोकांकडे गाडी नव्हती, फोन नव्हता, उसाचे बिल नव्हते. भेट मात्र होती. आज आपली पोरे-लेकी मुंबईइतक्या लांबही नाहीत. चिंचवडला आहेत, हिंजवडीला आहेत, कोथरूडला, वारज्याला आहेत. अंतर कमी झाले आणि भेटी त्याहून कमी झाल्या. फोनवर रोज चेहरा दिसतो, त्यामुळे भेट झाल्यासारखे वाटते. पण फोनवर नातवाच्या डोक्यावरून हात फिरवता येत नाही.

तळ्यातला गणपती आणि फुलराणी

आता पुण्याचेच घेऊ. सारसबागेत आपण सगळेच कधी ना कधी गेलेलो आहोत. तिथल्या गणपतीला जुनी माणसे तळ्यातला गणपती म्हणतात. पर्वतीच्या पायथ्याशी नानासाहेब पेशव्यांच्या काळात तळे बांधले गेले आणि तळ्यातल्या बेटावर पुढे हा गणपती बसला. तळे बुजवून तिथे बाग झाली ती खूप अलीकडे, म्हणून नाव राहिले आणि तळे गेले.

शेजारी पेशवे पार्क. पेशव्यांनी १७७० च्या सुमारास पर्वतीच्या पायथ्याला जनावरे पाळली होती. त्याच परिसरात पुणे महापालिकेने १९५३ साली हे प्राणिसंग्रहालय उभे केले. १९५६ साली इथे फुलराणी ही छोटी आगगाडी सुरू झाली. आज आजोबा झालेले कित्येक सभासद त्या गाडीत बसून गेलेले आहेत, पण कबूल करताना जरा लाजतात. पार्काची जागा जनावरांना अपुरी पडू लागली, म्हणून कात्रजला नवीन संग्रहालय काढले. ते १९९९ साली सुरू झाले आणि २००५ साली पेशवे पार्कातली जनावरे तिकडे हलवली गेली. तेव्हा नातवंडांना वाघ दाखवायला सारसबागेकडे नेऊ नका, कात्रजला न्या.

कात्रज : ऊसवाल्याने आवर्जून पाहावे असे

कात्रजचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय तळ्यासह सुमारे १३० एकरांवर आहे. वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल, गवा, सांबर, चितळ, मगर असे सगळे पाहायला मिळते. बुधवारी बंद असते, हे लक्षात ठेवावे. मुंबईची राणीबागही बुधवारीच बंद. पोराबाळांसह दारापर्यंत जाऊन परत फिरायची पाळी येऊ नये, म्हणून मुद्दाम लिहिले.

या ठिकाणी ऊसवाल्याला शिकण्यासारखे बरेच आहे. त्यातल्या चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट तळ्याची. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजला बंधारे घालून पाणी अडवले आणि जमिनीखालून दगडी नळ काढून ते शहरात शनिवारवाड्यापर्यंत नेले. ना मोटार, ना वीज. सगळे पाणी उतारावर चाललेले. वाटेत हवा बाहेर पडावी म्हणून जागोजागी उच्छ्वास बांधले. आपण पाइपलाइनला एअर व्हॉल्व्ह बसवतो, त्याचेच ते जुने रूप. दोन शेतांपलीकडे पाणी न्यायचे म्हणून भावाभावांत वाद घालणाऱ्यांनी तळ्याकाठी पाच मिनिटे उभे राहून या कामाचा विचार करावा.

दुसरी गोष्ट सापांची. संग्रहालयाच्या आधीपासून, १९८६ सालापासून, इथे सर्पोद्यान आहे. ते उभारण्यामागे नीलिमकुमार खैरे यांची मोठी खटपट. १९८० साली हा गृहस्थ ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास एका काचेच्या खोलीत राहिला होता. साप छेडल्याशिवाय चावत नाही, हे लोकांना पटावे म्हणून. उसाच्या फडात साप दिसला की आपली काठी आधी उठते. पण धामण ही शेतकऱ्याची विनापगारी राखणदार आहे, उंदीर-घुशी खाऊन ती आपला ऊस वाचवते. घोणस, नाग, मण्यार, फुरसे यांपासून जपायचे, हे खरे. त्यासाठी आधी कोणता साप कोणता ते ओळखता आले पाहिजे. काचेआड नीट पाहिलेला साप फडात लगेच ओळखू येतो. बायका-पोरांनाही ते दाखवा, कारण खुरपायला आणि वैरण कापायला त्याच पुढे असतात. आणि चावलाच, तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता थेट सरकारी दवाखाना.

तिसरी गोष्ट बिबट्याची. जुन्नर-आंबेगावकडे ऊसतोडीत बिबट्याची पिल्ले सापडतात हे आता नवीन राहिलेले नाही, आणि आपल्या बाजूलाही त्याचा वावर आहे. मादीला उसाचा फड म्हणजे जंगलच वाटते. दाट, गार आणि पाण्याजवळ. पिल्ले सापडली तर हात लावू नका, उचलून घरी आणू नका, फोटोसाठी गर्दी करू नका. तोड थांबवा आणि वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवा. वनखात्याची माणसे पिल्ले तपासून संध्याकाळी त्याच जागी ठेवतात, लांबून लक्ष ठेवतात आणि रात्री आई येऊन एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. पिल्ले हलवली तर ती चवताळून आसपास हिंडत राहते आणि मग माणसांनाच धोका वाढतो. कात्रजला पिंजऱ्यासमोर उभे राहून पोरांना हे समजावून सांगा. मुक्या जनावराची आईसुद्धा लेकरांना शोधत येते, तिथे आपण तर माणसे.

चौथी गोष्ट गोठ्याची. २०२५ च्या जुलैमध्ये या संग्रहालयात १६ चितळे दगावली आणि तपासणीत लाळ्या-खुरकूत निघाली. हा रोग दोन खुरांच्या सगळ्या जनावरांना होतो. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर, हरीण, सगळ्यांना. माणसाला त्याचा त्रास नाही, पण आपल्या चपला, कपडे, गाडीची चाके यांवरून तो एकीकडून दुसरीकडे जाऊ शकतो. म्हणून गोठ्यात जनावर लाळ गाळत असेल तर त्या दिवशी सहल पुढे ढकला. गेलात तर धुतलेले कपडे आणि स्वच्छ पायताण घालून जा, आणि परत आल्यावर हातपाय धुऊन मगच गोठ्यात पाऊल टाका. सहा-सहा महिन्यांनी लस टोचून घेतलीच पाहिजे, हे वेगळे सांगायला नको.

दोन बागा

जनावरे नको असतील, किंवा म्हाताऱ्या माणसांना इतके चालवत नसेल, तर बागेत जावे. रेसकोर्सजवळचे एम्प्रेस गार्डन ३९ एकरांचे आहे. ही बाग पूर्वी गोऱ्या सोल्जरांसाठी होती. पुढे व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी म्हणू लागले, त्यावरून हे नाव पडले. ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था बाग चालवते. मोठमोठी जुनी झाडे आहेत आणि माणसाच्या मांडीएवढा जाड झालेला, झाडाझाडांवरून पसरलेला वेल आहे. बसायला भरपूर सावली. जानेवारीच्या अखेरीस इथे फुलांचे मोठे प्रदर्शन भरते. घरच्या मालकिणीला अंगणात चार फुलझाडे लावायची हौस असेल, तर तिला तेव्हा न्यावे. बांधावर आंब्या-नारळाचा विचार करणाऱ्यांनाही एखादी फेरी फुकट जाणार नाही.

सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे. जपानमधल्या ओकायामा शहराशी पुण्याचे नाते जुळले, त्या मैत्रीची ही बाग. तिथल्या तीनशे वर्षांच्या कोराकुएन बागेच्या नमुन्यावर ती बांधली आहे. आपल्या भातवाल्यांना एक गंमत सांगतो. ओकायामाच्या मूळ बागेत पूर्वी बरीच भातखाचरे होती आणि आठवण म्हणून थोडे खाचर आजही राखले आहे. सरदाराने मोठ्या हौसेने बाग केली, पण भाताला त्यातून हाकलले नाही. आपल्या इंद्रायणीच्या खाचरात उभे राहिल्यावर आपल्याला कधी बागेत उभे आहोत असे वाटते का? पाहुण्यांना विचारा, त्यांना वाटते. म्हणून त्यांनाही इकडे बोलवा. भेट दोन्ही बाजूंनी व्हावी.

धारा कुणी काढायच्या?

आजींचा पहिला प्रश्न हाच होता आणि तो खरा आहे. घर बंद करून सगळ्यांनी जायचे म्हटले की गोठा आडवा येतो. त्यामुळे कोणीतरी एक मागे राहते, आणि ते 'कोणीतरी' दरवेळी घरची बाईच असते, हे आपण सगळे जाणतो.

याला तोड आपल्या बापजाद्यांनीच काढलेली आहे. तिचे नाव सावड. भाताच्या आवणीला आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या, अशी माणसांची सावड आपण करतो. तशीच सहलीची करावी. दोन किंवा तीन शेजारच्या घरांनी ठरवावे. या रविवारी तुम्ही जा, तुमच्या जनावरांचे वैरण-पाणी आणि दोन्ही वेळच्या धारा आमच्याकडे. पुढच्या पंधरवड्यात आम्ही जातो, तेव्हा तुम्ही बघा. जनावर परक्याला पान्हा सोडत नसेल तर आधी दोन दिवस शेजारणीला बरोबर घेऊन धारेला बसावे, म्हणजे सवय होते. दूध डेअरीला कोणी घालायचे तेही आधीच बोलून ठेवावे. पैसा लागत नाही, शब्द लागतो.

दिवस कोणते निवडावेत, हेही खात्याच्या भाषेत सांगतो. ऊस तुटून गेल्यावर खोडव्याचे बुडखे छाटणे, पाचट सरीत दाबणे, खत देणे ही कामे लांबवू नका. ती उरकली की पाण्याच्या दोन पाळ्यांच्या मधले दिवस मोकळे असतात. मे महिन्यात शाळेलाही सुट्टी असते, फक्त दुपारचे ऊन टाळा, कारण त्या वेळी जनावरेही आडोशाला झोपलेली असतात. लागणीच्या उसाची मोठी बांधणी झाली, की पुन्हा थोडी उसंत मिळते. आणि सगळ्यांत चांगला काळ म्हणजे भाताची आवणी संपल्यावर, श्रावण-भाद्रपदात. उसाला पाणी द्यायचे नाही, झाडी हिरवीगार, उन्हाचा त्रास नाही. पूर्वजांनी पंचमी आणि गौरी याच दिवसांत बसवल्या आहेत, ते काही उगीच नाही.

रिकाम्या हाताने जायचे कसे?

आजींचा दुसरा प्रश्न थोडा नाजूक आहे. लेकीच्या घरचे अन्न-पाणी घेऊ नये, निदान नातवंड होईपर्यंत तरी नाही, अशी समजूत जुन्या माणसांत होती. त्या काळी लेक दुसऱ्याच्या घरात परस्वाधीन असायची. तिच्यावर आपला भार नको, हा त्यामागचा विचार. आज तुमची लेक स्वतः नोकरी करते, घराचे हप्ते भरते. तुम्ही तिच्या हातचा घोटभर चहा घेतला नाही, तर तिला वाईट वाटेल. ज्या काळजीपोटी रीत झाली ती काळजी ठेवावी, रीत सोडून द्यावी.

आणि हात रिकामे कशाला हवेत? शहरातल्या माणसाला दुकानातल्या मिठाईचे कौतुक नाही. पायलीभर इंद्रायणी तांदूळ न्या. काकवीची बाटली, गुळाची ढेप, शेवग्याच्या शेंगा, बांधावरच्या वालाच्या ओल्या शेंगा न्या. उसाची चार कांडी न्या. नातवाला ती सोलून द्या आणि कोणत्या फडातली ते सांगा. साखर कशापासून होते असे विचारले तर पुडीपासून म्हणणारी पोरे आपल्याच घरात वाढू लागली आहेत.

जाताना एक काम मात्र करू नका. भेटीच्या दिवशी बँक, औषध दुकान आणि मोटारीचा सुटा भाग ही कामे गाठीला बांधून नेऊ नका. "येता येता तेवढं करू" म्हणता म्हणता भेट तासाभराची होते आणि म्हातारी गाडीतच बसून राहते. तो दिवस भेटीचाच असू द्या. सकाळी लेकीकडे किंवा भावाकडे जावे, जेवण करावे, त्या घरच्या पोरांनाही बरोबर घ्यावे आणि दुपार कलल्यावर बागेत किंवा कात्रजला जावे. घरात बसून दोन तासांत बोलणे संपते, मग टीव्ही लागतो. बागेत चालता चालता मात्र बरेच काही निघते. लेकीचे सासरचे, मुलाच्या नोकरीचे, वाटणीवरून भावाच्या मनात साचलेले. जे समोरासमोर बसून बोलवत नाही, ते बरोबर चालताना बोलवते.

उसाला बारा ते अठरा महिने लागतात आणि चुकलेली लागण पुढच्या हंगामात पुन्हा करता येते. म्हाताऱ्या आई-बापांना तसा पुढचा हंगाम मिळेलच, असे कोणी सांगू शकत नाही. या वर्षीच्या बिलातून गाडीचा हप्ता जाईल, सोसायटीचे कर्ज जाईल, खताची उधारी जाईल. हे सगळे जाऊन जे उरेल, त्यातून एका दिवसाचे डिझेल आणि संग्रहालयाची तिकिटे बाजूला काढा. दिवस कोणता ते शेजाऱ्याशी सावड करून आजच ठरवा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा. बुधवार तेवढा टाळा.

पुढील अंकात : खोडवा उसातील पाचट आच्छादन.